पोरी खेळतात कुठे

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला खुर्चीच्या अगदी कडेला येऊन मोबाइल बघत बसला होता. तारीख २० नोव्हेंबर २०२४. सुट्टीमुळे घोडबंदर रोड दिवसभर मोकळा होता आणि बोटाला शाई लावलेली माणसं खाली कट्ट्यावर बसून कोणाच्या किती जागा येणार याचे हिशेब मांडत होती. मी दूध आणायच्या निमित्तानं खाली उतरले होते. घरात टीव्हीवर बिहारमधल्या राजगीरची फायनल चालू होती. महिला हॉकीची एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी, भारत विरुद्ध चीन, अर्धा वेळ संपला तरी शून्य-शून्य. मध्यंतरात मला एका जागी बसवत नव्हतं. केबिनपाशी आले तर त्याच्या हातातल्या फुटक्या काचेवरही तोच सामना. मी थांबले. त्यानं दचकून वर पाहिलं, मला काही गेट पास वगैरे हवाय असं त्याला वाटलं असावं. "स्कोअर?" मी विचारलं, तेव्हा त्यानं मोबाइल माझ्याकडे वळवला आणि खुर्ची सोडून उभा राहिला.

तिसरं क्वार्टर सुरू झालं आणि लगेच पेनल्टी कॉर्नर मिळाला. दीपिकानं रिव्हर्स हिटवर चेंडू गोलात घातला. ३१वं मिनिट, एक-शून्य. त्यानं तळहात टेबलावर इतक्या जोरात आपटला की व्हिजिटर्सच्या वहीवरचं पेन खाली पडलं. उरलेला सामना मी तिथेच उभी राहून पाहिला. एक डिलिव्हरीवाला मुलगा पार्सल हातात घेऊन थांबला होता, तोही बघायला लागला. ४२व्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, दीपिकाचा तो फटका चीनच्या गोलकीपरनं अडवला आणि आम्ही तिघेही एकदमच हळहळलो. शेवटची पाच मिनिटं मला घड्याळाकडे बघवत नव्हतं. शिट्टी वाजली तेव्हा कट्ट्यावरच्या मंडळींना काय झालं ते कळलंही नाही. मतदान किती टक्के झालं यावर त्यांचा वाद रंगात आला होता.

सिक्युरिटीवाला झारखंडमधल्या सिमडेगाचा निघाला. "सलीमा हमारे ज़िले की है," तो म्हणाला, आणि मग बोटं मोडत संगीता कुमारी, ब्यूटी डुंगडुंग अशी नावं घेतली. त्याच्या जिल्ह्यातल्या तिघी त्या दिवशी त्या संघात होत्या आणि कर्णधार सलीमाही त्यातलीच एक. मग त्यानं मला विचारलं, "आपके इधर का कौन है?" मी म्हटलं, वैष्णवी फाळके, सातारची. त्यानं मान डोलावली, त्याला ते नाव माहीत होतं. नंतरचा प्रश्न त्यानं बाजार कुठे भरतो असं विचारावं इतक्या सहजपणे विचारला. "यहाँ लड़कियाँ खेलती कहाँ हैं?"

मी हात वर केला आणि तो कुठल्या दिशेला दाखवावा हे मला कळेना.

शेवटी मी म्हटलं, चर्चगेट. "वो तो बहुत दूर है," तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. आपल्या पोरी राजगीरला जिंकल्या म्हणून मी सांगितलं. त्या खूश होऊन म्हणाल्या, "राजगीरला आम्ही जाऊन आलोय गं, गया-नालंदाच्या टूरमध्ये. गरम पाण्याची कुंडं आहेत तिथे. रोपवेनं वर स्तूपाला गेलो होतो." त्यांना मनापासून आनंद झाला होता, कारण गावाचं नाव ओळखीचं होतं. पुढे विचारण्यासारखं मात्र त्यांच्यापाशी काही नव्हतं आणि सांगण्यासारखं माझ्यापाशी इतकं होतं की कुठून सुरुवात करावी तेच सुचलं नाही. मजला आला.

त्या सिक्युरिटीवाल्याशी नंतर बऱ्याचदा बोलणं झालं. त्याच्याकडे गावोगाव सामने होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. खस्सी टूर्नामेंट म्हणतात त्याला. दिवसभर खेळायचं आणि रात्री सगळ्या गावानं मिळून तो बोकड शिजवायचा. पोरं बांबूची स्टिक करतात, पोरीही करतात. सलीमाही बडकीछापर गावात अशाच बांबूच्या काठीवर शिकली. सिमडेगानं सुमराय टेटे दिली, असुंता लाक्रा दिली. या बायकांनी भारताकडून खेळून, भारताचं नेतृत्व करून दाखवलं होतं, त्यामुळे पुढच्या पोरीला आपण कुठवर जाऊ शकतो ते घराच्या ओसरीवरूनच दिसत होतं. तो सांगत असताना मला त्याचा हेवा वाटत राहिला. पगार ठाण्यात मिळतो म्हणून तो आमच्या गेटवर बसलेला, घरापासून इतक्या लांब, बारा-बारा तासांच्या पाळ्या करत. पण हॉकीच्या बाबतीत तो श्रीमंत घरचा होता.

आणि मी? माझी हॉकी नौपाड्यातल्या शाळेच्या मैदानावरची. मुरमाचं मैदान. पावसाळा संपला की त्यातले खडे वर यायचे आणि चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसायचा. पीटीच्या बाईंच्या खोलीत पत्र्याच्या कपाटात स्टिका असायच्या. कपाट उघडलं की अळशीच्या तेलाचा आणि जुन्या कापडी पट्टीचा वास यायचा, जरासा कडवट, जरासा घामट. पुऱ्या संघाला पुरतील इतके शिन पॅड नव्हते, म्हणून मोज्यांच्या आत जुनी मासिकं घालायची. सामना सुरू करताना बुली करायची. दोघी समोरासमोर वाकून उभ्या, स्टिक जमिनीला, मग एकमेकींच्या स्टिकला, असं तीनदा, आणि तिसऱ्या ठोक्यासरशी झडप. मोठ्या सामन्यांतून ती पद्धत तोवर गेली होती, पण बाईंना ते कोण सांगणार, आणि आम्हालाही ती फार आवडायची. थंडीत सकाळी चेंडू नीट मधोमध बसला नाही तर मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. आणि बसला तर हाताला काहीच जाणवायचं नाही, फक्त टक्क आवाज, आणि चेंडू पार पलीकडे. तो आवाज मला आजही टीव्हीवरून ओळखू येतो.

१९८२चं एशियाड झालं तेव्हा मी सातवीत होते. आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, त्या एशियाडमधलं काय आठवतं? रंगीत टीव्ही आठवतो, अप्पू हत्ती आठवतो, आणि हॉकीच्या फायनलमध्ये पाकिस्तानकडून एक-सात अशी झालेली हार आठवते. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. पाचवा गोल झाल्यावर माणसं न बोलता उठून जायला लागली. त्या दिवशीच्या गोलकीपरला लोकांनी कित्येक वर्षं सोडलं नाही. पण त्याच एशियाडमध्ये, त्याच दिल्लीत, महिला हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि भारताच्या मुलींनी तिचं सुवर्णपदक जिंकलं. एलायझा नेल्सन कर्णधार होती, पुण्यात जन्मलेली, रेल्वेकडून खेळणारी. आमच्या पीटीच्या बाईंनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं आणि आम्हाला वहीत उतरवून घ्यायला लावलं. चाळीत मी ते सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "असेल, असेल," आणि पुन्हा सात गोलांकडे वळले. ते वाईट नव्हते. मला पेरू द्यायचे. पण एका घरात एकाच वेळी सुतक आणि बारसं असावं तसं ते होतं आणि सगळे सुतकाकडेच जमले होते.

नंतरही असंच होत आलं, म्हणून राजगीरच्या त्या संध्याकाळी माझ्या आनंदात एक धास्ती मिसळलेली होती. आता हे किती दिवस टिकेल? २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुलींनी इंग्लंडला त्यांच्याच देशात फायनलमध्ये हरवलं, ममता खरबच्या गोल्डन गोलवर. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला गुरजीत कौरच्या एका गोलावर घरी पाठवलं. ६ ऑगस्ट २०२१च्या सकाळी ग्रेट ब्रिटनकडून तीन-चार असं हरून कांस्यपदक हुकलं, तेव्हा मैदानावर बसून रडणाऱ्या पोरींबरोबर अख्खा देश रडला. आमच्या घरात चहा तसाच गार झाला होता. मला तेव्हा वाटलं होतं की आता काहीतरी बदललं. मग जानेवारी २०२४मध्ये रांचीला, आपल्याच मैदानावर, जपानकडून शून्य-एकनं हरून पॅरिसचं तिकीट गेलं. त्या रात्री कुणीच रडलं नाही, कारण बघत कोण होतं? राजगीरचं मोल मला म्हणून वेगळं वाटतं. रांचीनंतर दहा महिन्यांनी, सेमीफायनलमध्ये त्याच जपानला दोन-शून्य, आणि फायनलमध्ये पॅरिसचं रौप्य घेऊन आलेला चीन. पहिलं क्वार्टर, दुसरं क्वार्टर, काही केल्या गोल होत नाही, तरी कुणी घाईवर आलं नाही. ते धीरानं खेळणं मला गोलापेक्षाही आवडलं. गोल डोळ्यांत भरतो. पण उदिता, सुशीला, इशिका यांनी मागं उभं राहून एकेक चेंडू ज्या शांतपणे काढला ते पाहायला त्या खेळाची सवय लागते, आणि सवय बघूनच लागते.

घोडबंदरला रात्री गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांचे पिंजरे दिसतात. तासाच्या भाड्यावर टर्फ. ऑफिसातून सुटलेली पोरं तिथे रात्री उशिरापर्यंत फुटबॉल नाहीतर बॉक्स क्रिकेट खेळतात आणि मला ते बघायला आवडतं. अलीकडे मुलींचेही गट दिसतात. सिक्युरिटीवाल्यानं तेही बोलून दाखवलं होतं, "टर्फ तो यहाँ बहुत है." पण त्यावर हॉकी होत नाही. त्या गवताचे धागे लांब असतात, मध्ये रबराचे दाणे भरलेले, हॉकीचा चेंडू त्यात रुततो. हॉकीचं मैदान घोटीव, आखूड धाग्यांचं, आणि सामन्याआधी त्यावर पाणी मारतात, म्हणजे चेंडू सरळ सुसाट सरकतो आणि पडलं तरी कातडी कमी सोलते. ९१.४० मीटर लांब, ५५ मीटर रुंद. एवढी सपाट मोकळी जागा, खाली पक्का थर, निचऱ्याची सोय, पाण्याचे फवारे, दिवे. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि तोवर सात वेळा सुवर्ण जिंकलेला भारत त्या वर्षी सातव्या नंबरवर घसरला. तोवर हॉकी कुठेही होत होती, आमच्या मुरमावरसुद्धा. त्यानंतर मुरमावर शिकलेल्या पोरीला टर्फवर सगळं नव्यानं शिकावं लागतं, चेंडू अडवण्यापासून धावण्यापर्यंत. म्हणजे तिच्या वाट्याला टर्फ कितव्या वर्षी येतं यावर तिची निम्मी कहाणी ठरते.

तरीही महाराष्ट्रातून पोरी येतात, आणि त्या येतात कुठून, तर फलटणकडून! वैष्णवी फाळके आसू गावची, अक्षता ढेकळे वाखरीची. उसाचा पट्टा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कालव्याचं पाणी, पहाटेची एसटी. एका तालुक्यातल्या दोन खेड्यांनी भारताला दोन खेळाडू दिल्या, आणि आमच्या ठाण्याची एकट्याची वस्ती कित्येक देशांच्या राजधान्यांहून मोठी. मी हे रागानं म्हणत नाही. मला फक्त आसूमधल्या त्या घरांत आता काय बोलणं होत असेल, याचं कुतूहल आहे. तिथल्या आठवीतल्या मुलीला तिची आई "काठी ठेव आणि अभ्यासाला बस" म्हणत असेल, की "सकाळची बस चुकवू नकोस" म्हणत असेल? २६ जानेवारी २०२५ला महिला हॉकी इंडिया लीगची पहिलीवहिली फायनल रांचीला झाली. ओडिशा वॉरियर्सनं ती दोन-एकनं जिंकली आणि त्यांचे दोन्ही गोल साताऱ्याच्या ऋतुजा पिसाळनं केले. प्रजासत्ताक दिन, घरात पाहुणे, बटाटेवडे तळणं चालू. मी कढईचा गॅस बंद करून बाहेर आले आणि ओरडले. पाहुण्यांमधली एक सहावीतली मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं विचारलं, "ही आपली आहे?" मी म्हटलं, सगळ्याच आपल्या आहेत गं, पण हो, ही साताऱ्याची आहे. ती शेवटपर्यंत उठली नाही. वडे उशिरा झाले.

२०२५ सालानं मला दोन दिवस असे दिले की ते मनात एकमेकांशेजारीच बसले आहेत. १४ सप्टेंबरला हांगझोऊला महिला आशिया कपची फायनल होती, पुन्हा चीन. नवनीतनं पहिल्याच मिनिटाला गोल केला आणि मला राजगीरची आठवण आली. पण चीननं नंतर चार केले. एक-चार. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचं थेट तिकीट होतं, तेही गेलं. त्याच रात्री दुबईत पुरुषांच्या क्रिकेटच्या आशिया कपात भारत-पाकिस्तान सामना होता. दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये, ऑफिसात, भाजीवाल्याकडे एकच विषय, हस्तांदोलन झालं की नाही. हांगझोऊबद्दल कुणाशी बोलावं म्हणून मी गेटवर गेले, तर त्याची रात्रपाळी होती, दिवसा दुसराच कुणी बसलेला.

आणि मग २ नोव्हेंबर. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. पावसानं दोन तास खाल्ले, तरी माणसं हलली नाहीत. भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, हरमनप्रीतनं झेल घेतला आणि महिलांचा विश्वचषक पहिल्यांदा आपला झाला. माझी धाकटी बहीण नेरूळला राहते, मी तिच्याकडे होते. मध्यरात्री आम्ही खाली उतरलो तर रस्त्यावर आया, आज्या, झोपेतून उठवून आणलेल्या लहान मुली, निळ्या टी-शर्टांचा पूर. आमच्यासमोर एका बाईनं अनोळखी पोलीस कॉन्स्टेबल बाईला मिठी मारली. याच स्टेडियमनं २०२२च्या जानेवारीत मुलींच्या आशिया कप फुटबॉलचे दिवस पाहिले होते. यजमान भारत, आणि करोनानं संघात खेळाडूच उरल्या नाहीत, चायनीज तैपेईविरुद्ध नियमाला लागणाऱ्या किमान तेरा जणींची नावंही देता आली नाहीत आणि स्पर्धा सोडावी लागली. तिथून इथे. मी त्या रात्री खूप नाचले. बहिणीनं विचारलं, रडतेस कशाला? आनंदानंच रडत होते. पण दीपिका, सलीमा, वैष्णवी यांनाही एकदा अशी रात्र बघायला मिळावी, असं त्या गर्दीत सारखं वाटत राहिलं. क्रिकेटच्या पोरींच्या वाट्याचं काही कमी होऊन नव्हे. त्यांनीही रिकाम्या स्टँडसमोर खेळत वर्षं काढली आहेत, म्हणूनच ही आशा धरवते.

हल्ली वेळ जमला की मी चर्चगेटला जाते. वानखेडेच्या शेजारी महिंद्रा हॉकी स्टेडियम आहे. क्रिकेटच्या सामन्याला जाणारी हजारो माणसं त्याच्या भिंतीला घासून जातात. डिसेंबरात कॉलेजच्या मुलींचा एक सामना पाहिला. ऊन तिरपं, नुकतं पाणी मारलेलं मैदान, ओल्या टर्फचा रबरी वास, मागून लोकलची धडधड. स्टँडमध्ये बोटावर मोजण्याइतकी माणसं. माझ्या पुढच्या पायरीवर एक बाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांची लेक राइट हाफला खेळत होती. कळव्याच्या. अर्धी रजा टाकून आल्या होत्या आणि लेकीचा सामना पहिल्यांदाच बघत होत्या. पेनल्टी कॉर्नर मिळाला तसं त्यांनी मागे वळून मला विचारलं, "अहो, ह्या पाचजणी गोलामध्ये का जाऊन उभ्या राहिल्या? आणि तोंडाला ते काय लावलं?"

मी एक पायरी खाली उतरून त्यांच्याशेजारी बसले आणि सांगायला लागले. ती गोलाच्या बाजूला, मागच्या रेषेवर उभी असलेली मुलगी चेंडू आत ढकलणार. तो आधी त्या अर्धवर्तुळाच्या बाहेर जायलाच हवा, मग तिथली दुसरी अडवणार, तिसरी मारणार. सरळ हिट मारला तर तो खालच्या फळीच्या उंचीपर्यंतच चालतो, उचलून फ्लिक केला तर वर गेला तरी चालतो. आणि ह्या पाचजणी चेंडू सुटला की धावत सुटणार, सगळ्यात पुढची थेट मारणारीच्या अंगावर, म्हणून तोंडाला मास्क. "अंगावर?" त्यांनी डबा घट्ट धरला. "माझीच पुढे दिसतेय की." त्यांचीच होती. चेंडू सुटला, ती सुटली, स्टिक खाली घालून तिनं फटका अडवला आणि चेंडू बाजूच्या रेषेपार गेला. आई उभी राहून ओरडली आणि लगेच आजूबाजूला बघून पदर सारखा केला. मी तिला पुन्हा ओरडायला सांगितलं.

मग आम्ही गाड्यांचं बोललो. पोरगी कळव्याहून पहाटेची पहिली स्लो पकडते, दादरला पूल चढून वेस्टर्नला येते, सरावानंतर कॉलेज, रात्री घरी. एक मैत्रीण ऐरोलीहून येते, तिला ठाण्याला गाडी बदलावी लागते. दोघी एकाच डब्यात चढतात, महिलांच्या डब्यात स्टिकची लांब पिशवी दाराशी आडवी आली की बोलणी बसतात. पुढचा सामना गुरुवारी होता, सकाळी. त्यांना रजा मिळणार नव्हती. मी म्हटलं, मी येईन, फोन करून सगळं सांगेन, कॉर्नर किती आले, हिनं किती अडवले ते मोजून सांगेन. त्यांनी डब्यातला एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "ते पिवळं कार्ड दाखवलं तर किती वेळ बाहेर बसवतात हो?" कमीत कमी पाच मिनिटं, मी म्हटलं, आणि तेवढ्यात समोर कुणालातरी हिरवं मिळालं.